विशेषणांचा मानपान

नर्व्हस, वरीड आणि अँक्शस या तीन शब्दांत फरक आहे. लोकांना वाटतं तिन्ही म्हणजे टेन्शन. तसं नाही. स्टेजवर जायचंय आणि तळहाताला घाम सुटलाय, तो नर्व्हस. आईचा रिपोर्ट यायचाय आणि त्यात काय येईल तेच डोक्यात फिरतंय, तो वरीड. आणि काय होणार माहीत नाही, कधी होणार माहीत नाही, तरी सकाळपासून पोटात कोणीतरी मिक्सर लावून ठेवलाय, तो अँक्शस. हे मी एवढ्या खात्रीने सांगतो कारण मागच्या मे महिन्यात मी तिन्ही होतो. एकाच वेळी. एकाच शर्टात.

इंग्रजी मी कुठे क्लास लावून शिकलेलो नाही. महाडला एसटी स्टँडच्या मागे माझं छोटं दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, ट्रॉफ्या. कॉम्प्युटरचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर आणि त्याच्या वायरी खाली टेबलावर लोंबतात, कारण महाडात महागाची वस्तू कोणी खालच्या फळीवर ठेवत नाही. सावित्री नदीचं पाणी कधी बघायला येईल सांगता येत नाही. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर इंग्रजी शिकतो. त्यातही मला नाद एकच. सारखी दिसणारी विशेषणं. सेन्सिबल म्हणजे समजूतदार, आणि सेन्सिटिव्ह म्हणजे ज्याला काही बोललं की तो दोन दिवस जेवत नाही. चाइल्डलाइक म्हणजे मुलासारखा निरागस, आणि चाइल्डिश म्हणजे चाळिशीतसुद्धा आउट दिलं की स्वतःची बॅट घेऊन घरी जाणारा. स्लिम म्हणजे सडपातळ, आणि स्किनी म्हणजे शेजारचा झेरॉक्सवाला काशीराम. अशी रोज एक जोडी मी स्टेटसला टाकतो. वर लिहितो, ‘आजचा फरक’.

काशीरामचं मत पडलं, "त्यापेक्षा पावभाजीचा फोटो टाक. लोक थांबून बघतील तरी."

पण स्टेटस बघणारा एक माणूस निघाला. चांगू. आमच्या गावच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. राहतो नालासोपाऱ्याला, पण इकडे पोलादपूरच्या वर आमच्या गावात कोणाकडे काय शिजलं ते आमच्या आधी त्याला कळतं. त्याचा फोन आला.

"यशा, यंदा मे महिन्यातल्या पूजेला म्हाताऱ्या माणसांचा सत्कार ठेवलाय. मोमेंटो तू बनव. काचेसारखे असतात ना, तसले. फोटो, नाव, आणि खाली इंग्लिशमधे एक शब्द. एकच. पण असा पायजे, की आख्खा माणूस त्यात बसला पायजे."

"इंग्लिश कशाला?"

"आमची पोरं सगळी इंग्लिश मीडियमची. त्यांना आजोबा काय चीज होता ते कळायला नको? आणि लेवल वाटते. तुझे स्टेटस मी रोज बघतो. समजत नाय, पण बघतो."

एवढं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं. मी हो म्हटलं.

सत्काराची माणसं पाच होती, पण त्रास तिघांनीच दिला. खरं तर दोघांनीच. तिसऱ्या ठकूबाई. गावातली अर्धी प्रजा त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांना मी ‘काइंड’ दिला आणि घरी जाता जाता ओटीवर त्यांना सांगून आलो.

"काइंड म्हंजे काय रे?"

"मायाळू."

"मी? तुझ्या आयशीला विचार. तुझ्या वेळेला ती कळाच देत नव्हती. दिली एक गालात, म्हणून तू बाहेर आलास."

घरी आईला विचारलं. आई म्हणाली, "एक नाय, दोन दिल्या."

पण मी डगमगलो नाही. परत गेलो आणि समजावलं, की आजी, जेंटल आणि काइंड यात फरक आहे. जेंटल म्हणजे ज्याचा हात मऊ. काइंड म्हणजे ज्याचं मन मऊ, हात कसाही असो. ठकूबाईंनी विचार केला. "मग राहू दे," म्हणाल्या. "पण फोटो चांगला लाव. नथीतला."

म्हणजे बघा, एका माणसाला फरक समजला होता. त्यामुळे माझा आत्मविश्वास वाढला. कॉन्फिडंट आणि ओव्हरकॉन्फिडंट यातला फरक मी स्टेटसला टाकलेला होता, पण स्वतःचं स्टेटस कोण वाचतं.

आता ते दोघे. एक हैबती, म्हणजे आमचा सख्खा आजा. वरच्या वाडीचा. एसटी गावात यावी म्हणून यानं डेपोत एवढ्या खेपा घातल्या की तिथले साहेब बदलून गेले, पण नवीन साहेबांना चार्ज देताना म्हणे खुर्ची, टेबल, कपाट आणि हैबती असा देऊन गेले. शेवटी गाडी मंजूर झाली. दुसरे भागोजी आजोबा, खालच्या वाडीचे. गाडीसाठी रस्ता रुंद करायला आले तेव्हा मधे ग्रामदेवी सोमजाईचा आंबा आला. भागोजी आजोबा आंब्याला पाठ लावून बसले. जेवण तिथेच, पान तिथेच. शेवटी आंबा राहिला आणि रस्ता वळला. ते वळण असं झालं की एसटी त्यात वळत नाही. म्हणून गाडी आंब्यापर्यंत येते, आणि तिथून वर आम्ही चालत. आजा म्हणतो, गाडी मी आणली, याच्या झाडानं अडवली. भागोजी आजोबा म्हणतात, झाड होतं म्हणून तुझ्या गाडीला सावलीत उभं राहता आलं.

खरं बोलायचं तर दोघांना विशेषण एकच. हट्टी. इंग्रजीत त्यालाही चांगले तीन-चार शब्द आहेत, पण ते मोमेंटोवर घालता येत नाहीत.

आणि इथेच माझ्या पोटातला मिक्सर सुरू झाला, कारण माझी बहीण रेश्मा हिचं लग्न भागोजी आजोबांच्या नातवाशी, शुभमशी, ठरत आलं होतं. गाव एक असलं तरी वाड्या दोन, भावक्या वेगळ्या, सोयरीक चालते. शुभम एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे, रेश्मा महाडला पॅथॉलॉजी लॅबमधे. दोघांना एकमेकं पसंत. फक्त सुपारी फुटायची बाकी. आणि सुपारी फोडणार भागोजी आजोबा. त्यांच्या घरात मुलाचा बाप आहे, दोन काका आहेत, पण बोलतात एकटे आजोबा. बाकीचे खोकतात.

मी फार विचार केला. आजाला दिला ‘डिटरमाइन्ड’, भागोजी आजोबांना ‘फर्म’. दोन्ही निवडताना डिक्शनरी, व्हिडिओ, सगळं बघितलं. प्रूफ मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. अंगठे आले, हात जोडलेले आले, एकाने चुकून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं आणि डिलीट केलं. मला वाटलं झालं.

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात आले. बाबा तालुक्याला पंचायत समितीत क्लार्क आहेत. मोठ्याने बोलणं त्यांच्या स्वभावातच नाही. शिंक आली तरी बाहेर जातात. ते कामाची वेळ सोडून महाडला आले म्हणजे काहीतरी झालंय हे काशीरामलाही कळलं. तो झेरॉक्स सोडून आला.

बाबा म्हणाले, "त्यांनी मोजलं रे."

"काय?"

"अक्षरं. नातवाला मोठी करून दाखवायला सांगितली मोबाईलवर. आजाला दहा, भागोजींना चार."

"बाबा, शब्दाची किंमत अक्षरावर नसते. फर्म म्हणजे..."

"ते म्हणाले, पयलं मोमेंटोचं निस्तरा, मग सुपारीचं बोलू."

आता हे बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल. पण आमच्याकडे शिमग्याला सोमजाईची पालखी निघते, तिचा पुढचा दांडा आमच्या घराच्या खांद्यावर आणि मागचा भागोजी आजोबांच्या घराच्या. पुढचा मान मोठा की मागचा, यावर पूर्वी म्हणे डोकी फुटायची. मग जुन्या माणसांनी तोड काढली. पालखी देवळातून उतरून सहाणेवर जाते, म्हणजे खाली तिला बसवायचा जो कट्टा आहे तिथे. परत येताना ती फिरवायची नाही. तशीच उलटी वर आणायची. म्हणजे जाताना जो पुढे तो येताना आपोआप मागे. मान सारखा. तेव्हापासून आमच्या गावात सगळं सारखं लागतं. नारळ सारखा, टोपी सारखी, फ्लेक्सवर डोकं सारखं. एकदा मी एका नेत्याच्या फ्लेक्सवर या दोघांपैकी एकाचा फोटो दुसऱ्यापेक्षा अंगठाभर मोठा लावला होता, तर रात्रीत तो फ्लेक्स उतरला आणि कोणाचा तरी भात झाकायला गेला.

आणि माझं सगळं शिक्षण काय? तर कोणतेही दोन शब्द कधीच सारखे नसतात. हेच तर मी रोज स्टेटसला सांगत होतो. आता अशा माणसाला सांगितलं होतं की दोन वेगळे शब्द आण, पण सारखे आण.

काशीराम म्हणाला, "फर्म मोठा कर की. अक्षरं कमी तर साइज वाढव."

केला. दोन्ही शब्दांची रुंदी पट्टीने बरोबर केली. आता ‘फर्म’ एवढा मोठा झाला की दुकानाची पाटी वाटायला लागली. काशीराम लांबून बघून म्हणाला, "खाली ‘अँड सन्स’ लिही."

मग मी शब्दच बदलला. खूप शोधून ‘अनवेव्हरिंग’ काढला. न डगमगणारा. इंग्रजीत बरोबर दहा अक्षरं. दहाला दहा! मला इतका आनंद झाला की मी स्वतःला चहा पाजला. शुभमला फोन करून सांगितलं, आजोबांना सांग, दहा झाली. तासाभराने शुभमचा फोन.

"दादा, अक्षरांचं ओके झालं. पण आमच्या काकांची मुलगी आहे ना अनुष्का, कल्याणची, तिने आजोबांना सांगितलं की ‘अन’ म्हणजे ‘नाय’."

"हो, पण ते..."

"आजोबा म्हणतात, माझ्या शब्दाची सुरुवातच ‘नाय’नं? घरात शुभकार्य असताना? आणि हैबतीच्या शब्दात एकपण ‘नाय’ नाय?"

मागून मला आजोबांचा आवाज ऐकू येत होता. "त्येला विचार, ह्ये त्याच्या आजानं शिकवलंय काय!"

मी शुभमला विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं?"

तो म्हणाला, "मला रेश्मा आवडते." आणि मागून कोणीतरी खोकलं तसा त्याने फोन ठेवला.

घरी जेवायला बसलो. बाबा भात कालवत होते, खात नव्हते. आई म्हणाली, "चार चांगले शब्द मराठीत नव्हते काय रे? थोर, आदरणीय, लिवायचं आणि मोकळं व्हायचं." आजा वेगळ्याच तंद्रीत. "माझी दहा अक्षरं कमी करायची नाय हां. तुझ्या बयनीचं काय ते तू बघ." सख्खा आजा!

फक्त रेश्मा शांत होती. कॅल्म आणि क्वाएट यातला फरक मला तेव्हा तिच्याकडे बघून समजला. क्वाएट म्हणजे आवाज नसलेला. कॅल्म म्हणजे आतून शांत. ती क्वाएट होती. कॅल्म अजिबात नव्हती. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "दादा, माझ्यासाठी कुठला शब्द काढून ठेवलायस? सिंगल की अनमॅरीड?"

"रेश्मा, मी करतो काहीतरी."

"तू केलंस तेवढं बास आहे. आता दुसऱ्या कोणालातरी करू दे."

हे मला लागलं. मी सेन्सिटिव्ह आहे, सेन्सिबल नाही, हे आता सगळ्या घराला कळलं होतं.

तरी मी आणखी एक केलं. दोघांना एकच शब्द द्यायचा. दोघेही डिटरमाइन्ड. भांडण मिटलं. मी स्वतः भागोजी आजोबांकडे गेलो, गूळ-पाणी झालं, सांगितलं. त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं.

"हैबतीला तो कधी दिलास?"

"आधी. म्हणजे पहिल्याच प्रूफात."

"म्हंजे त्याचा वापरलेला शब्द तू मला देतोस. उष्टा?"

मी म्हटलं, "आजोबा, शब्द उष्टा होत नाही, जगात करोडो लोक तो वापरतात."

हे बोलायला नको होतं. "करोडो लोकांचा उष्टा!" ते म्हणाले, आणि त्यांच्या घरात सगळे एकदम खोकले.

शेवटी मी थकून परत मूळच्या दोन शब्दांवर आलो आणि मोमेंटो लेझरने कोरायला देऊन टाकले. फोटो, नाव, शब्द, सगळं कायमचं कोरून आलं. पूजा तोंडावर आलेली, दुसरा इलाज नव्हता. एक मन म्हणत होतं सत्काराच्या दिवशी आजारी पड. मी थर्मामीटर लावून बघितला. नॉर्मल. माझं शरीर कधीच माझ्या बाजूने नसतं.

त्यात ग्रामसेवक. मोमेंटोवर ग्रामपंचायतीचं नाव आहे म्हणजे ठराव पाहिजे, म्हणाले. ठराव मराठीत पाहिजे. म्हणजे विशेषणं मराठीत पाहिजेत. मी म्हटलं, साहेब, यांचा नेमका मराठी शब्द नाही, छटा वेगळी आहे. ते म्हणाले, "छटेचा रकाना नाही." त्यांनी स्वतःच मोबाईलवर दोन्ही शब्द टाकले आणि जे आलं ते लिहिलं. ठरावासाठी देवळात सभा भरली तेव्हा त्यांनी मोठ्याने वाचलं.

"श्री. हैबती, निश्चयी. श्री. भागोजी, निश्चयी."

वर पंखा खडखडत होता.

मग भागोजी आजोबा उठले. "दोघांचा अर्थ एकच?"

आजा उठला. "एकच, तर ह्यो पोरगा म्हैनाभर करत काय होता?"

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. चांगू मुंबईहून फोनवर स्पीकरला होता, त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली. बाबा खांबाला टेकून बसले होते, बोटाने चटईची काडी सोलत. बायकांमधे रेश्मा होती. तिने पदर नाही, ओढणी नाही, पण काहीतरी तोंडाशी धरलं होतं. रुमाल असावा. शुभम दारात, चपला घालायच्या की नाही या विचारात.

मी उभा राहिलो. तळहाताला घाम सुटला होता. हा नर्व्हस. मी बोललो ते असं:

"अर्थ एक नाही. डिक्शनरीत जागा कमी असते म्हणून तसं दिसतं. आजाने ठरवलं गाडी आणायची, आणि आणेपर्यंत चालत राहिला. जो ठरवून चालत राहतो तो डिटरमाइन्ड. भागोजी आजोबांनी ठरवलं झाड हलणार नाही, आणि तिथेच राहिले. जो ठरवून उभा राहतो तो फर्म. एकाला पुढे जायचं असतं, एकाला मागे सरायचं नसतं. दोघांना ताकद सारखीच लागते."

मला वाटलं आता कोणीतरी टाळी वाजवेल.

भागोजी आजोबा म्हणाले, "म्हंजे मी जल्मभर उभाच?"

आजा म्हणाला, "आणि मी काय वणवण फिरत होतो?"

"तू फिरतच होतास. पालखी घेऊन उतरताना पण धावतोस. मागनं मी धरून ठेवतो म्हणून. मी सोडली तर तू देवीसकट नदीत."

"आणि चढाला? चढाला तू पुढं असतोस, तवा मागं पाय रोवून कोण असतो? मी! मी हललो तर तू उताणा पडशील."

"मग चढाला वढत कोण नेतो? मी नेतो. मग तवा मी तुझा तो डिटर... काय तो, तो नाय काय?"

"आणि मी तवा तुझा तो फर्म नाय काय? हाय की नाय रे यशा? सांग!"

मी मनातल्या मनात पालखी एकदा उतरवली आणि परत चढवली. हे खरं होतं. उताराला आजा डिटरमाइन्ड आणि भागोजी फर्म. चढाला उलट. एवढे व्हिडिओ बघून मला हे सुचलं नव्हतं, आणि त्यांनाही सुचलं नव्हतं. त्यांना फक्त एकमेकांचा शब्द पाहिजे होता.

"हाय," मी म्हटलं. "म्हणजे, आहे."

"मग मला एकच का?" दोघे एकदम म्हणाले.

आणि तेव्हा खांबाजवळून आवाज आला. इतका हळू की ग्रामसेवकांनी पंखा बंद करायला लावला.

"मग पालखीसारखंच करा ना," बाबा म्हणाले.

सगळे वळून बघायला लागले तसे बाबा आणखी हळू झाले, पण थांबले नाहीत. "यंदा ज्याचा त्याच्याकडे. शिमग्याला पालखी वर आली की बदलायचे. यांचा त्यांच्या घरी, त्यांचा यांच्या घरी. पुढच्या शिमग्याला परत. कोणाला कमी नाही, जास्त नाही." मग घसा खाकरून म्हणाले, "आणि ने-आण करायला दोन्ही घरांतलं कोणीतरी एक माणूस लागेल. आपलं म्हणून दोन्हीकडे जाता येईल असं."

ते रेश्माकडे बघत नव्हते. देवीकडे बघत होते. पण बाकी सगळे रेश्माकडेच बघत होते.

स्पीकरवरून चांगू ओरडला, "एक नंबर! फिरता चषक!"

मी बारीक आवाजात म्हणालो, की त्यावर फोटो आणि नाव कोरलंय, ते पुसत नाही, म्हणजे एकमेकांचे फोटो एकमेकांच्या घरात जातील. ग्रामसेवक म्हणाले, "ठराव झाला." आणि सही केली. सरकारी कामात एवढा वेग मी आजवर बघितलेला नाही.

भागोजी आजोबा बसले. बराच वेळ पानाला चुना लावत राहिले. मग आमच्या आजाकडे न बघता म्हणाले, "हैबती, सुपारी हाय काय रे तुझ्याकडं? माझी संपली."

आजाने चंची पुढे केली. "अख्खी हाय," म्हणाला. "फोडायची तर फोड."

त्यांनी फोडली. तिथेच, अडकित्त्याने. शुभमच्या घरचे सगळे खोकले, पण हे खोकणं वेगळं होतं. माझ्या मागे बायकांत हसायला सुरुवात झाली, आणि ठकूबाई म्हणाल्या, "मुकाट बसा गो. पोरीला रडू द्या की जरा."

सत्कार चांगला झाला. म्हणजे माइकने शिट्टी मारली, शाल एक कमी आली आणि कल्याणच्या अनुष्काने स्टेजवर सगळी विशेषणं अशी वाचली की कोणालाच कळली नाहीत. पण टाळ्या सारख्या पडल्या. मी बारीक लक्ष ठेवून होतो.

तुळशीचं लग्न झाल्यावर रेश्माचं लग्न झालं. पत्रिका मीच छापली. मराठीत. कोणाच्याही नावापुढे फक्त ‘श्री.’ आणि ‘सौ.’ लावलं, आणि तेवढ्यासाठीही बाबांनी चार वेळा प्रूफ बघितलं.

ती खालच्या वाडीत गेली. आमच्या अंगणातून त्यांचं कौल दिसतं, एवढं जवळ. पण नवीन सून, कंपनीतला नवरा, शिफ्ट, लॅब, पाहुणे. दिसतं म्हणून काय येता येतं असं नाही. मधे दोनदा येते म्हणाली आणि आली नाही. आई म्हणायची, बरं आहे, रमली म्हणायची. बाबा काही म्हणायचे नाहीत. फक्त संध्याकाळी अंगणात उभं राहून ते कौल बघायचे आणि विचारलं की म्हणायचे, "पाऊस येतोय का बघतोय." जानेवारीत.

मग शिमगा आला. पालखी उतरून सहाणेवर गेली. आता वर येणार, आणि पालखीबरोबर बदलाबदल. आजा सकाळपासून आपला मोमेंटो पुसत होता. "नीट ठेवायला सांग त्यांना," म्हणत होता. "त्या भागोज्याच्या घरात उंदीर हायत." टीव्हीच्या बाजूला त्याने जागा केली होती, आणि मला बजावलं होतं की भागोजीचा फोटो जरा तिरका ठेवायचा, समोर ठेवला तर तो जेवताना बघत राहील.

बाबा अंगणाच्या कडेला उभे होते. नवीन शर्ट. तो आत खोचायचा की बाहेर यावर निर्णय झालेला नव्हता, अर्धा आत होता. खाली ढोल वाजत होता, जवळ येत होता. वाटेवर माणसंच माणसं, आणि त्यात ती दिसत नव्हती.

"यशा," बाबा म्हणाले, "येईल ना रे ती? का दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवतील?"

"येईल बाबा. ठरावच आहे तसा."

त्यांनी शर्ट पूर्ण खोचला आणि परत अर्धा बाहेर काढला. मग पोटावर हात ठेवून, जरा लाजत म्हणाले, "हे असं होतं ना, सकाळपासून. याला तुझ्या त्या इंग्रजीत काय म्हणतात?"

आजवर बाबांनी मला एका शब्दाचाही अर्थ विचारला नव्हता. तिन्ही शब्द माझ्या जिभेवर होते, फरकासकट. मी त्यांच्या तळहाताकडे बघितलं. ओला होता. खालच्या कौलावरची त्यांची नजर बघितली. अर्धा खोचलेला शर्ट बघितला.

"बाबा, तिन्ही," मी म्हटलं.

"तिन्ही म्हणजे?"

तेवढ्यात सोमजाईच्या आंब्याच्या वळणावर, पालखीच्याही पुढे, साडी एका हाताने धरून आणि दुसऱ्या काखेत टॉवेलात गुंडाळलेले भागोजी आजोबा घेऊन, रेश्मा जवळजवळ पळतच वर येताना दिसली.

बाबा झटकन वळले आणि घरात जायला लागले. उंबऱ्यात थांबून मला म्हणाले, "मी बाहेर उभा होतो म्हणून सांगू नकोस. आणि आईला सांग, चहा टाक. दोन नाही, चार कप टाक. जास्तीचा."